अळ्यांचे ताट

अण्णा, रविवारी आपल्या इमारतीच्या गच्चीवर तुमची शोकसभा झाली. तुमच्याविषयी जे बोलले गेले, त्यातले निम्मे चुकीचे होते. तुम्ही असतात तर माझी बाही ओढून म्हणाला असतात, "सायेब, बसा खाली. बोलू द्या की लोकांना, कवा न्हवं ते समदी जमल्यात." बाही ओढणारे कोणी नव्हते, म्हणून मी उभा राहिलो आणि नेहमीप्रमाणे लोकांची भाषणे दुरुस्त केली. मात्र एक दुरुस्ती राहून गेली. ती सर्वांत महत्त्वाची होती, आणि ती राहिली याचे कारण विस्मरण नव्हे.

तुमचा महावीर तुमच्या नावाने एक छोटी पुस्तिका छापतो आहे. ती इमारतीत आणि नातलगांत वाटली जाईल. त्याने माझ्याकडे एक पान मागितले आणि जाता जाता, बापाचाच मुलगा तो, हळूच म्हणाला, "काका, तेवढा वाद नको हं त्यात." मी बरे म्हणालो. आज लिहायला बसल्यावर दिसते आहे की यातून ना एक पान सांभाळले जाणार, ना दुसरी अट.

बसलो आहे तो गच्चीवरच, तुमच्या उलट्या घातलेल्या रंगाच्या बादलीवर. तीन जिने चढताना आता मला तीनदा थांबावे लागते. पूर्वी दोनदा थांबत होतो; तिसऱ्या वेळी तुम्ही वरून हाक मारायचा, "आलासा का परत गेलासा?" आणि रागाच्या भरात उरलेल्या पायऱ्या संपायच्या. आता तो रागही वापरायला मिळत नाही. थकलो आहे, अण्णा. वाद घालून थकलो असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात वाद थांबल्यापासून मी थकलो आहे.

पहिली चूक आपल्या सोसायटीच्या सचिवांची. ते म्हणाले, अण्णा थोर पर्यावरणप्रेमी होते, कचऱ्यातून त्यांनी हिरवे स्वप्न फुलवले. मी तिथेच हरकत घेतली. बारा वर्षांत 'पर्यावरण' हा शब्द मी तुमच्या तोंडून एकदाही ऐकलेला नाही. तुम्ही चाळीस वर्षे किराणा विकलात. दुकान सोडले त्या आठवड्यात हमालाकडून तेलाचे सोळा पत्र्याचे डबे वर आणून ओळीने मांडलेत. मी कृषी खात्यातून नुकताच निवृत्त झालेलो, प्रत्येक गोष्टीला हरकत घेण्याची सवय अंगात तशीच. मी विचारले, हे भंगारात का देत नाही? तुम्ही एका डब्यावर थाप मारलीत. "तेल संपल्यावर ह्यानं धा वर्सं माझ्या दुकानात गूळ सांभाळलाय. गूळ संपला म्हून ह्यो बी संपला व्हय?"

ते उत्तर मला पटले होते. मी माण तालुक्यातला. आमच्याकडे असा डबा मिळाला की आई त्याला आडवी लाकडी दांडी ठोकून घ्यायची आणि पुढची कित्येक वर्षे घरातले पाणी त्यातून यायचे. पण पटले असे मी म्हणालो नाही. मी म्हणालो, "डब्यात कोबी येत नाही. मुळांना जागा पुरत नाही." पुढच्या हिवाळ्यात तुम्ही नारळाएवढा गड्डा माझ्या दारात आणून ठेवलात आणि एक शब्दही न बोलता जिना उतरलात. तुमचे ते न बोलणे मला वर्षभर पुरले.

दुसरी चूक महावीरची, आणि ती मुलाची असल्याने अधिक लागली. तो म्हणाला, दुकान सुटल्यावर बाबांचा वेळ जात नव्हता, म्हणून हा छंद. मी त्याला सर्वांसमक्ष थांबवले. छंद असलेला माणूस पाहुणे आले की पाणी घालायला विसरतो. तुम्ही नातीच्या बारशाच्या दिवशीही नव्या धोतरातच वर आला होता. सकाळी बस्तीत, तुमच्या जैन मंदिरात, जाऊन देवदर्शन उरकायचे आणि साडेसातला गच्चीचे दार उघडायचे, हा तुमचा नेम. दार उघडण्याआधी वाकून उंबऱ्याला हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा. दुकान उघडताना असाच नमस्कार करत असाल. छंदाला असा नमस्कार कोणी करत नाही. मला वाटते, महावीरने तो नमस्कार कधी पाहिला नव्हता.

मग सारे जण डब्यांकडे बोट दाखवून कौतुक करू लागले, आणि तुमचे खरे कसब कोणाच्याच ध्यानात आले नाही. पाकीट कोणते आणि त्यात काय लावायचे, हे तुम्ही गिऱ्हाइकाला माल द्यावा तसे पाहून ठरवायचा. रव्याच्या जाड पिशवीत मिरची. तांदळाच्या पोत्याचे तोंड दोनदा दुमडून त्यात वांगी. दुधाच्या पिशव्यांत रोपे. एप्रिलमध्ये पत्रा तापतो म्हणून प्रत्येक डब्याला ओल्या गोणपाटाचे वेटोळे. मी एकदा रोपांसाठी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणले, तर तुम्ही दोन पावले मागे सरलात. "अंडी संपली असली तरी चालत नाही का? गूळ संपलेला डबा चालतो," मी म्हणालो. तुम्ही हसू लपवत म्हणालात, "चालतंय. पर टाकीच्या पल्याड, तुमच्या हद्दीत." त्या दिवसापासून पाण्याच्या टाकीपलीकडचा कोपरा माझा झाला.

भोकांचा वाद मात्र तसाच राहिला. तुम्ही भोक डब्याच्या बगलेला पाडायचा, तळापासून दोन बोटे वर. तळाशी थोडे पाणी साठते आणि त्यावर झाड उन्हाळा काढते, असा तुमचा सिद्धान्त. साठलेल्या पाण्याने मुळे कुजतात, भोक तळालाच हवे, असे माझे शास्त्र. अखेर आठ डबे तुमच्या पद्धतीचे, आठ माझ्या. मेलेले प्रत्येक रोप समोरच्याच्या भोकामुळे मेले, असा निष्कर्ष आपण दोघेही काढत असू. अण्णा, या बाबतीत मी आजही माघार घेत नाही. तुम्ही गेलात म्हणून तुमची भोके बरोबर ठरत नाहीत.

आता जे सांगायचे आहे तिकडे येतो. इतका वेळ त्याच्याभोवती फिरत होतो, हे तुमच्या ध्यानात आले असते.

गच्चीवर भागीदारी करताना तुम्ही एकच अट घातली होती. "सायेब, हितं फवारणी न्हाई. शब्द द्या." मी तीस वर्षे खटाव-माणच्या शेतकऱ्यांना कशावर काय फवारावे हेच सांगत आलेलो. तरी शब्द दिला, कारण तुमचा हात पुढे आला होता आणि तो तसाच ठेवणे मला जमले नाही. मग तुम्ही टाकीच्या सावलीत एक वेगळा डबा ठेवलात आणि त्यात मोहरी पेरलीत. रोज सकाळी कोबीची पाने उलटून पाहायची आणि सापडेल ती अळी कागदाच्या घडीवर घेऊन मोहरीवर सोडायची. तो कागद माझ्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेचा होता. मी रागावलो, तर म्हणालात, "लय गुळगुळीत कागद हाय. पोरांना लागत न्हाई." अळ्यांना तुम्ही पोरे म्हणत होता.

मी तुम्हाला समजावले की आमच्या खात्यात याला सापळा पीक म्हणतात. कीड तिकडे ओढायची आणि तिथे मारायची. तुम्ही पहिला अर्धा भाग आवडीने ऐकलात. "म्हंजे निम्मं तुमच्या सरकारला बी कळलंय की." डब्याला तुम्ही सापळा कधी म्हणाला नाहीत. त्याला तुम्ही 'त्यांचं ताट' म्हणायचा.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात तुमच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तुम्ही पंधरा दिवस लेकीकडे शिरवळला राहिलात. गच्ची माझ्यावर सोपवली होती. पहिले चार दिवस मी नेमाने अळ्या उचलल्या. पाचव्या दिवसापासून ढग बसले, उघडीप मिळेना, आणि अळ्या इतक्या झाल्या की ताटातल्या मोहरीच्या नुसत्या काड्या उरल्या. माझी बोटे थरथरतात, बारीक अळी मला दिसत नाही. ही कारणे खरी आहेत. पण ती पुरेशी असती तर मी तुम्हाला फोन केला असता.

खरे कारण असे की रविवारी वडूजहून माझे दोन जुने सहकारी येणार होते. तेलाच्या डब्यात मी कोबी पिकवतो, असे मी त्यांना सांगितले होते. तुमचे नाव मी घेतले नव्हते. आणि कोबीची पाने चाळणीसारखी झाली होती.

शुक्रवारी मी तंबाखू भिजवून उकळली, गाळली, त्यात साबणाचा चुरा विरघळवला. हे रासायनिक औषध नव्हे, साधा अर्क आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. झाकणाला तापल्या सुईने भोके पाडून तुम्ही पाणी शिंपायची एक बाटली केली होती. हाताशी तीच होती, म्हणून अर्क तिच्यात भरला. प्रत्येक कोबीवर, पानांच्या वरून आणि खालून, पद्धतशीर मारला. मग टाकीकडे गेलो आणि ताटावरही मारला. कोबी वाचवायचा होता, हे कारण ताटाला लागू पडत नाही. ज्या डब्यात तुम्ही त्यांना जेवायला बसवले होते, तिथे जाऊन मी ते केले.

दुपारी तुमचा फोन आला. "सायेब, ताट भरलंय न्हवं?"

मी म्हणालो, "भरलंय."

सहकारी आले, कोबी पाहिला, माझी पाठ थोपटली आणि गेले.

तुम्ही परतलात ते काळा चष्मा लावून. पिशवी घरात ठेवण्याआधी वर आलात आणि थेट टाकीकडे गेलात. मोहरीला नवी पाने फुटली होती. एकाही पानाला दात लागलेला नव्हता. बराच वेळ वाकून पाहिल्यावर तुम्ही विचारलेत, "पोरं कुटं गेली?"

"चिमण्यांनी खाल्ल्या."

तुम्ही बाटली उचललीत. मी तिच्यात साधे पाणी भरून ठेवले होते. तुम्ही झाकण काढून ती नाकाजवळ नेलीत. हळदीचे बंद पोते नुसते हुंगून ती कोणत्या वर्षाची आहे हे सांगणारे ते नाक. मी भिंतीकडे पाहत उभा होतो.

"व्हय?" तुम्ही म्हणालात. "लय चिमण्या आल्या म्हनायच्या."

मग तुम्ही बाटली नळाखाली तीनदा खळबळलीत, भरलीत, आणि पहिले पाणी ताटाला घातलेत.

भाद्रपदात तुमचे दहा दिवसांचे पर्व झाले आणि क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी तुम्ही दरवर्षी हात जोडून माझ्या दारात उभे राहायचा. "कळत-नकळत काय चुकलं असंल, मन दुखावलं असंल, तर क्षमा करा." समोरच्यानेही हात जोडून तेच म्हणावे, अशी तुमच्यात रीत. मी कधी म्हणालो नाही. "तुम्ही काय चुकणार? या, चहा घ्या," असे म्हणून तुम्हाला आत ओढायचो. ही माझी नम्रता आहे असे मला वाटत असे. त्या वर्षी तुमचे वाक्य संपले, मी नेहमीचे बोललो, पण तुम्ही आत आला नाहीत. जोडलेले हात तसेच ठेवून दारात उभे राहिलात. जिन्यातून कोणीतरी वर गेले, कोणीतरी खाली आले. तुम्ही मला जागा करून देत होता, हे मला तेव्हाही कळत होते. मी म्हणालो, "दुधाचा चहा आहे, निवेल." मग तुम्ही हात खाली घेतलेत आणि आत येऊन चहा प्यायलात.

पुढच्या दोन वर्षी तुम्ही आलात, वाक्य म्हणालात, लगेच आत आलात. तसे थांबलात ते एकदाच.

आता रविवारची तिसरी चूक. सचिवांनी शेवटी जाहीर केले की गच्चीच्या दाराशी पाटी लावायची, तुमचे आणि माझे नाव घालून: या गच्चीवर एकही जीव मारला गेला नाही. आणि ते म्हणाले, "हे माझं मत नाही. अण्णा स्वतः सांगायचे, मी पंधरा दिवस गावाला होतो, अळ्यांचा कहर झाला होता, तरी साहेबांनी एक अळी मारली नाही. शब्दाचा असा पक्का माणूस मी बघितला नाही." टाळ्या वाजल्या. दोन भाषणांत चुका काढलेला मी तिसऱ्यासाठी उठायला हवा होतो. सर्वांना वाटले, गहिवरलो. मी बसून राहिलो.

सोमवारी तुमच्या दाराशी गेलो. वहिनी शिळ्या वर्तमानपत्राच्या पुड्या करत बसल्या होत्या, बियाण्यासाठी. तुमचे काम पुढे चालू होते. मी उभ्या उभ्याच विचारले, "वहिनी, त्या चिमण्यांचे अण्णांनी तुम्हाला काय सांगितले होते?"

"चिमण्यांनी खाल्ल्या म्हनले."

"आणि तुम्हाला पटले?"

त्यांनी पुडी दुमडून बाजूला ठेवली. "आवं भावजी, ती बाटली त्यांनी घरात आनून परत घासली. मला बी नाक हाय की."

त्या पुढे म्हणाल्या, "मी म्हनलं, सायबांस्नी इचारा सरळ. तर म्हनले, इचारायचं न्हाई. त्यांचं त्यांना लय लागलं असंल. सांगतील कवातरी. आनि दुसऱ्या दिवशी उपास धरला. मी म्हनलं, आज कशाचा? तर म्हनले, गच्चीचा."

अण्णा, इथे मी तुमच्याशी भांडतो. सचिवांशी भांडलो, तुमच्या मुलाशी भांडलो, ती नुसती तयारी होती. माझ्या कृत्याचा उपास तुम्ही धरायचा, हा अधिकार तुम्हाला कोणी दिला? तो उपास माझा होता. मी त्या दिवशी दोन वेळा पोटभर जेवलो असेन, आणि त्यात तो कोबीही असेल. त्याहून मोठी तक्रार अशी की तोलात कधी मारले नाही म्हणून ज्याची साऱ्या पेठेत ख्याती, असा माणूस तीन वर्षे माझ्यासाठी लोकांना खोटे सांगत राहिला. अळ्या मारल्या तो माझा दोष. पण तुमच्या जिभेवर ते खोटे ठेवले तेही मीच, आणि ते तुम्ही न कुरकुरता बाळगलेत. एकदा तरी माझ्यावर ओरडायला हवे होते. मला ओरडून घेता येते. त्या दारातल्या जोडलेल्या हातांना काय उत्तर द्यायचे, ते मला येत नव्हते.

'सांगतील कवातरी' असे तुम्ही म्हणालात, आणि मग पंधरा दिवसांपूर्वी एका सकाळी पाण्याची बादली घेऊन जिना चढता चढता मधल्याच पायरीवर बसलात आणि उठला नाहीत. मी वर टाकीपाशी होतो. या वेळी हाक मारायची पाळी माझी होती. "आलासा का परत गेलासा?" मी ओरडलो. तुमचीच थट्टा तुम्हाला परत केली म्हणून मी स्वतःवर खूश होतो. उत्तर आले नाही तरी आणखी थोडा वेळ खूश होतो.

गेल्या आठवड्यात मी ताटात मोहरी पेरली. काल ती दोन पानांवर आली. वहिनींनी पत्रिकेची ती घडी मला दिली आहे. कडा मऊ पडल्या आहेत, माझ्या मुलाचे नाव पुसट झाले आहे. बोटे थरथरतात, त्यामुळे एक अळी उचलायला तीन-चार वेळा प्रयत्न करावा लागतो. साडेसातला येतो. उंबऱ्याला हात लावत नाही. तो तुमचा नमस्कार होता, मला तो शोभणार नाही.

महावीर, हे तू छापणार आहेस म्हणून तुझ्यासाठी: पाटी लावायची असेल तर एकाच नावाची लाव. आणि यातले काही गाळू नकोस. वाद नको म्हणाला होतास, पण हा वाद तुझ्या वडिलांशी आहे, आणि तो लोकांच्या देखत व्हायला हवा, कारण खोटेही लोकांच्याच कानात आहे.

अण्णा, क्षमावाणीला अजून बरेच महिने आहेत, आणि त्या दिवशी माझ्या दारात कोणी येणार नाही. म्हणून आज, तुमच्या बादलीवर बसून, माझ्या वाट्याचे वाक्य म्हणतो. कळत-नकळत असे मी म्हणू शकत नाही. सारे कळत केले होते. अळ्या मी मारल्या, तुमच्या बाटलीने, तुमच्या ताटात. त्या श्रावणात या गच्चीवर एकही चिमणी आली नव्हती.